अक्काची कापी आणि शेषाद्रीचा शेरा

वेंकोबारावांनी कपाटातून इस्त्रीचा सदरा काढला, खिशाला पेन अडकवलं, तेव्हाच गोदाबाईंनी ओळखलं की आज कुठल्या तरी ऑफिसचं काही खरं नाही.

"कुठं निघालात?"

"अक्काच्या गाडीचं बघून येतो."

"अक्कांनी बघायला सांगितलंय?"

"सांगायला कशाला पाहिजे? विमा कंपनीच्या डिस्पॅच सेक्शनात जन्म घातलाय मी. फाईल कशी हलते ते मला विचार."

गोदाबाईंनी विचारलं नाही. लग्न झाल्यापासून त्यांनी हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता, उत्तर मात्र दर आठवड्याला ऐकलं होतं.

गाडी म्हणजे मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी एकेक जादा चाक लावलेली स्कूटर. ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांना सरकार ती देतं. देतं म्हणजे अर्ज केला तर देतं. अर्ज केला म्हणजे तो कुणी वाचला तर देतं. आणि वाचला म्हणजे वाचणारा त्या दिवशी रजेवर, ट्रेनिंगला किंवा जेवायला गेलेला नसेल तर देतं. वेंकोबारावांची थोरली बहीण राजसबाई, साऱ्या घराची अक्का, हिचा डावा पाय पोलिओनं लहानपणीच नेला. मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्या, आणि प्रत्येक पावलाला डावा हात मांडीवर दाबून तो पाय पुढं ढकलायचा, असं तिचं चालणं.

अक्का हिंदी शिकवायची. मद्रासेत राहून, तंजावरच्या मराठीत वाढून, तमिळ पोरांना हिंदी शिकवणं हा उद्योग हौशीनं करणारी माणसं या शहरात पुष्कळ आहेत. पूर्वी तिरुवल्लिकेणीतली मुलं तिच्या ओसरीवर यायची. मग त्यांच्या आईबापांनी लांब लांब फ्लॅट घेतले, आणि आता त्या आया फोनवर गोड आवाजात म्हणायच्या, "मिस, तुम्हीच याल का?" यायचं म्हणजे ऑटो. ऑटोत चढायचं म्हणजे वेंकूनं काखेत हात घालून उचलायचं. अख्खी गल्ली बघायची. ऑटोवाला पण बघायचा आणि "हळू हळू" म्हणायचा, जसं काही फ्रिज चढवतायत. जन्मात ती कधी एकटी उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. कुणीतरी नेल्याशिवाय नाही, आणि कुठं जातेय ते चारजणांना ठाऊक असल्याशिवाय तर नाहीच.

म्हणून ती गाडी. आणि नियम असा की साठीच्या आत मंजूर झाली तरच मिळणार. पोंगल झाला की अक्काला साठ पूर्ण. साठ वर्षांनंतर पाय आपोआप बरा होतो असं सरकारच्या डोक्यात कुणी भरवलं, देव जाणे.

अक्कानं अर्ज स्वतः भरला होता आणि ती गप्प वाट बघत होती. गप्प वाट बघणं हा प्रकार वेंकोबारावांच्या रक्तात नव्हता.

त्या दिवशी कुंपणापाशीच अडवून पहिला सल्ला शेजारच्या नारायणस्वामींनी दिला. हे गृहस्थ पेपर वाचायचे, आणि पेपर वाचणारा माणूस फुकट गप्प बसत नाही. "सार, खालच्या ऑफिसात जाऊन काय होणार? सोमवारी कलेक्टर लोकांची गाऱ्हाणी ऐकतात. सरळ तिथं द्या. वरून हाणलं की खाली हलतं."

पटलं. वेंकोबारावांनी इंग्रजीत अर्ज लिहिला. असा अर्ज आता कुणी लिहीत नाही. त्यात तीन ठिकाणी 'नम्र' होतं, दोन ठिकाणी 'अतीव खेद' होता, आणि शेवटच्या परिच्छेदात लोकशाहीवर थोडं होतं. सोमवारी रांगेत उभं राहून तो दिला, शिक्का मारलेली पोच घेतली आणि घरी येऊन देवाजवळ ठेवली.

पुढं काहीच झालं नाही. नारायणस्वामी म्हणाले, "मग माहितीचा अधिकार टाका. अधिकारी चळाचळा कापतात." टाकला. फाईल कुठल्या टेबलावर, किती काळ, कुणाच्या कृपेनं पडून आहे, सगळं विचारलं.

मग समोरच्या मॅन्शनमधला, म्हणजे एकट्या नोकरदारांच्या लॉजमधला, अक्षत आला. हा पुण्याचा. श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, कंपनीच्या बसनं जायचा-यायचा. या घरातली मराठी ऐकायला त्याला फार आवडे. ही माणसं कॉफीला कापी म्हणतात आणि अधूनमधून बखरीतला शब्द टाकतात, याचं त्याला भारी अप्रूप. "काका, कागद कसले देताय? पोर्टलवर तक्रार टाका. ऑनलाइन. घरबसल्या." त्यानं स्वतःच्या फोनवरून टाकूनही दिली. लगेच मेसेज आला, तक्रार नोंदवली आहे. वेंकोबाराव हरखले. डिस्पॅच सेक्शनात इतक्या झटपट पोच त्यांनी बापजन्मी दिली नव्हती.

"वेंकू," अक्का आतून म्हणाली, "बहुत झालं हो तुझं. सुम्मा बैस, गप आपला."

"सुम्मा बसून कुणाला काय मिळालंय?" वेंकोबाराव म्हणाले, आणि स्मरणपत्र लिहायला बसले.

नवरात्र आलं, दिवाळी झाली. एक दिवस वेंकोबाराव थेट ऑफिसात जाऊन धडकले. ऑफिस पहिल्या मजल्यावर. पांगळ्यांच्या अर्जांचं ऑफिस पहिल्या मजल्यावर! लिफ्ट होती, तिच्या दारावर पुठ्ठा होता, पुठ्ठ्यावर दोन भाषांत लिहिलं होतं, 'लिफ्ट बंद. कृपया जिना वापरावा.' ज्यानं हे लिहिलं त्याचं अक्षर सुरेख होतं. त्याला दुसरं काय म्हणायचं ते इथं छापता येणार नाही.

तपासणी करणारा कारकून शेषाद्री. गोल चेहऱ्याचा, कपाळावर बारीक गंधाची रेघ, बोलणं लोण्यासारखं. त्याच्या टेबलावर फायलींची भिंत. वेंकोबारावांनी नाव सांगताच तो उठून उभाच राहिला.

"राजसबाई? तुम्हीच का ते वेंकोबाराव सार?" सारं बोलणं तमिळमध्ये चाललं होतं, पण त्या 'तुम्हीच का ते' मध्ये जो सूर होता तो कुठल्याही भाषेत कळतो.

"मीच."

"सार, तुमची फाईल माझ्या टेबलावर अगदी वर होती हो. सकाळी उघडणार, तोच कलेक्टर ऑफिसातून चिठ्ठी आली. गाऱ्हाण्याला उत्तर द्या, फाईल पाठवा. पाठवली. परत आली. उघडणार, तोच माहिती अधिकाराचा कागद आला. फाईल तिकडं. ती परत आली तोच पोर्टलची तक्रार. उत्तर द्यायला पुन्हा वर. मधे तुमची स्मरणपत्रं. प्रत्येकाला उत्तर लागतं सार, आणि प्रत्येक उत्तराला फाईल लागते. या फाईलनं जेवढा प्रवास केलाय तेवढा मी केला नाही. फक्त माझ्या टेबलावर तिला कुणी बसू देत नाही."

वेंकोबारावांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. डिस्पॅच सेक्शनात जन्म घातलेल्या माणसाला हे ऐकावं लागावं! ते कोरडेपणानं म्हणाले, "मग मी सगळ्या तक्रारी मागं घेतो."

"अय्यो, नको सार!" शेषाद्रीनं हातच जोडले. "मागं घेण्याचा अर्ज आला की त्यालासुद्धा उत्तर लागतं!"

पण वेंकोबाराव तोवर पायऱ्या उतरत होते. त्याच संध्याकाळी त्यांनी अक्षतच्या फोनवरून पोर्टलवरची तक्रार मागं घेतली. मेसेज आला, 'आपली तक्रार मागे घेण्याबाबतची तक्रार नोंदवली आहे.'

दुसऱ्या दिवशी नारायणस्वामी कुंपणावरून काही सुचवायला आले तर वेंकोबारावांनी घरात जाऊन दार लावून घेतलं. अक्षत बसमधून उतरून "काका, अपडेट काय?" म्हणाला, तर त्यांनी त्याच्याकडं असं बघितलं की बिचारा सरळ मॅन्शनचा जिना चढला.

पण शेषाद्री माणूस भला. फाईल त्याच्या टेबलावर टेकली त्या सकाळीच त्यानं फोन केला, "सार, आज दुपारीच घरी तपासणीला येतो. मधे काही लिहू नका." मार्गळी महिना सुरू झाला होता. पोंगल दाराशी आलेला.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. तंजावरहून ही माणसं निघाली तेव्हा जमीन गेली, दागिने गेले, राज्य तर कधीचंच गेलं होतं. राहिला तो एक मान. घरी नवा माणूस पहिल्यांदा आला, मग तो वसुलीला आलेला का असेना, की त्याला पहिली कापी घरातल्या थोरल्या बाईनं आपल्या हातानं द्यायची. सुनेनं दिली तर तो अपमान. सुनेनं नीट दिली तर जास्तच अपमान. आणि थोरली बाई या घरात अक्का.

गोदाबाईंना धोका दिसत होता. त्यांनी दुपारी जाऊन सांगितलं, "अक्का, आज तेवढी मी देते. तुम्ही पलंगावर पडून राहा."

"काय म्हणून?"

"नारायणस्वामीमामा म्हणतात, तपासणीवाल्यापुढं थोडं कण्हलं की बरं असतं."

"माझा पाय काय खोटा आहे, सोंग आणायला?" अक्का म्हणाली. "येणारा माणूस पाहुणा. माझ्या घरून कुणी हात कोरडा घेऊन गेला नाही."

शेषाद्री आला. वेताच्या खुर्चीवर बसला, फाईल मांडीवर घेतली. वेंकोबारावांनी त्याला घराण्याचा इतिहास ऐकवायला घेतला, आणि तेवढ्यात आतून पट्ट्यांचा खण् आवाज आला.

अक्का येत होती. उजव्या हातात पितळी पेला आणि खाली वाटीसारखा दवारा, काठोकाठ फेसाळ डिकॉक्शनची कापी. डावा हात मांडीवर. खण्, एक पाऊल. खण्, दुसरं. स्वयंपाकघराचा उंबरा तिनं पार केला, फेस हलला, सांडला नाही. शेषाद्रीनं उठून पेला घेतला, एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"अम्मा," तो म्हणाला, "अशी कॉफी माझ्या आजीनंतर आज."

त्या क्षणी वेंकोबारावांनी गप्प बसायला हवं होतं. पण बहिणीचं कौतुक कानावर पडलं, छाती भरून आली, आणि महिनाभर दुखावलेल्या मानाला एकदम ऊन मिळालं. "आमची अक्का म्हणजे काय समजलात! लग्नामुंजीला साऱ्या पंगतीला कापी हीच देते. एक थेंब आजवर सांडलेला नाही! दोन पाय धड असलेल्या बायका हिच्यापुढं पाणी भरतील!"

गोदाबाईंनी दाराआडून कपाळाला हात लावला.

शेषाद्रीनं दुसरी कापी घेतली, डांगर पचडी चाखली, अक्काला वाकून नमस्कार केला आणि गेला. आणि प्रामाणिक माणूस असल्यामुळं त्यानं जे पाहिलं तेच लिहिलं. प्रामाणिक माणसानं जेवढं वाटोळं केलंय तेवढं लाचखाऊंना जमलेलं नाही.

आठवड्याच्या आत उत्तर आलं. सरकार इतक्या लवकर फक्त 'नाही' म्हणू शकतं. 'अर्जदार घरात आधाराशिवाय चालतात व पाहुण्यांना स्वतः कॉफी देतात. समारंभांत पंगतीलाही देतात, असे भावाने तोंडी सांगितले. वाहनाची निकड दिसत नाही. नामंजूर.'

वेंकोबारावांनी ते दोनदा वाचलं. 'भावाने तोंडी सांगितले' इथं त्यांनी कागद खाली ठेवला. चष्मा काढून ते ओसरीच्या पायरीवर जाऊन बसले आणि रस्त्यावरच्या एका कुत्र्याकडं बघत राहिले. जेवायला बोलावलं तर "मला भूक नाही" म्हणाले. नंतर जेवले, पण तोंड पाडून.

अक्कानं कागद हातात घेतला. एकदा वाचला. मग तिच्या गळ्यातून एक विचित्र आवाज आला. गोदाबाई पाणी घेऊन धावल्या, तर अक्का हसत होती. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तो हसत होती.

"माझी कापी बरी झाली म्हणून मला गाडी नाही! गोदे, थोडी करपवली असती तर विमान दिलं असतं गं!"

हसणं थांबलं तेव्हा तिचा चेहरा निराळाच झाला होता. तिच्या विद्यार्थ्यांना हा चेहरा ठाऊक होता. घोटून घेतलेला धडा पोरगं विसरलं की तो दिसायचा.

"वेंकू, उद्या मी जाते तिथं."

"एकटी?"

"एकटी जायला गाडी लागते रे, गाढवा. तू मला ऑटोत घाल, उतरव, आणि मग तोंड मीट. सदरा कुठलाही घाल, पेन नको."

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्याखाली तिनं रखवालदाराची खुर्ची मागून घेतली आणि बसली. भोवती नेहमीची मंडळी होती. कुबड्यावाले, चाकाच्या खुर्चीतले, काळा चष्मा लावलेले एक आजोबा. वर जाता येत नाही म्हणून खाली थांबलेले, आणि वरचं कुणी खाली येत नाही म्हणून खालीच राहिलेले.

"वर जायचं अम्मा," रखवालदार म्हणाला.

"तुमच्या कागदात लिहिलंय मी चालते. चालते की. जिना चढते असं कुठं लिहिलंय? शेषाद्रीला म्हणावं, राजसबाई आलीय."

शेषाद्री धावतच खाली आला. अक्काला बघून त्याचा चेहरा फुलला आणि लगेच, शेरा आठवून, कोमेजला. "अम्मा, तुम्ही कशाला त्रास घेतलात... तुमच्या कॉफीची चव अजून जिभेवर आहे."

"मग ही घ्या." तिनं पिशवीतून फ्लास्क काढला, पेला काठोकाठ भरला आणि त्याच्या उजव्या हातात दिला. त्यानं तो ओठांकडं नेला.

"थांबा. प्यायची नाही. न्यायची. डावा हात मांडीवर ठेवा. घट्ट. आता तो पाय गुडघ्यात वाकवायचा नाही. हातानं ढकलायचा. चढा."

"अम्मा, मी..."

"मी घरात हे रोज करते. सपाट फरशीवर. तुम्ही सरकार. तुम्ही जिन्यावर करा. एक थेंब सांडला नाही तर मी उठून घरी जाते, पुन्हा गाडीचं नाव काढणार नाही."

पोंगल आठवड्यावर होता आणि ही बाई सारं एका पेल्यावर लावून बसली होती! वेंकोबारावांनी तोंड उघडलं. अक्कानं नुसतं बघितलं. त्यांनी मिटलं.

शेषाद्रीनं आजूबाजूला बघितलं. सगळा जमाव त्याच्याकडं बघत होता. आणि तो भला माणूस, नाही म्हणू शकला नाही. त्यानं मांडी दाबली, पाय ताठ केला, आणि पहिली पायरी चढला. पेला डुलला.

"हात सुटला, सार!" एक कुबडीवाला ओरडला. "फसवाफसवी नको!"

"गुडघा! गुडघा वाकला!"

"सांडली का?" काळ्या चष्म्याच्या आजोबांनी विचारलं.

"अजून नाही."

शेषाद्रीनं दुसऱ्या पायरीवर ताठ पाय टेकवला.

"आता?"

"आता सांडली!"

कापी गरम होती. शेषाद्रीनं जी उडी मारली ती धडधाकट माणसाचीच होती. जिन्याखाली असा हशा उसळला की वरच्या मजल्यावरचे पंखेसुद्धा थांबले असतील. हसणाऱ्यांत शेषाद्रीही होता, ओली पँट झटकत.

"काय चाललंय हे?"

जिन्याच्या वळणावर या खात्याच्या जिल्हा अधिकारी शरण्या मॅडम उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. शेषाद्रीनं पेला पाठीमागं लपवला, मग पुढं घेतला.

"फेरतपासणी, मॅडम," तो म्हणाला. "माझा शेरा चुकला होता. घरातलं चालणं बघून मी बाहेरचं लिहिलं."

शरण्या मॅडम खाली आल्या. पायऱ्यांवरची कापी बघितली, अक्काच्या पट्ट्या बघितल्या, मग ती सगळी वाट बघणारी माणसं बघितली. आणि म्हणाल्या, "शेषाद्री, फाईल खाली आणा."

"हो मॅडम."

"टेबलपण आणा. माझं. आणि यांच्या सगळ्यांच्या फायली."

टेबल जिन्यात अडकलं, तिरकं झालं, एक पाय भिंतीला घासला, पण आलं. त्या दुपारी जिन्याखाली जेवढे निर्णय झाले तेवढे वर कधी झाले नसतील. ज्याचा अर्ज तो समोर, जो ठरवणार तो समोर, मधे फक्त एक टेबल. हे एवढं सोपं आहे म्हणूनच कुणी करत नाही.

अक्काच्या फायलीवर सही करताना मॅडमनी वेंकोबारावांकडं मान वळवली. "आणि तुम्ही कोण?"

वेंकोबारावांनी सदरा सारखा केला. इतके अर्ज, इतकी स्मरणपत्रं, आता कुठं संधी आली होती. "मी डिस्पॅच..."

"तो मला ऑटोत घालतो," अक्का म्हणाली.

गाडी पोंगलनंतर आली, पण मंजुरी आधीची होती. पाठोपाठ माहिती अधिकाराचं उत्तरही आलं. मागितलेली माहिती सध्या देता येत नाही, कारण संबंधित फाईल तक्रारीच्या उत्तरासाठी अन्यत्र गेली आहे. वेंकोबारावांनी ते कुणाला न दाखवता चुलीत घातलं. गॅसच्या चुलीत कागद घातल्यामुळं गोदाबाईंनी जे म्हटलं ते वेगळं.

अक्का पहाटे मरिनाच्या कडेच्या रस्त्यावर गाडी शिकली. लायसनवाल्याला तिनं विचारलं, "उजवीकडं वळताना काय करतात?" तोच गडबडला.

पहिल्या शिकवणीच्या दिवशी गल्ली जमली. नारायणस्वामींनी चाकाखाली लिंबू ठेवलं आणि कुठल्या रस्त्यानं जावं याचे सल्ले दिले. अक्षत फोटो काढत होता. वेंकोबारावांनी नवं हेल्मेट घातलं, हनुवटीखाली बक्कल लावलं आणि मागच्या सीटवर टांग टाकून बसले.

"उतर," अक्का म्हणाली.

"अगं, तोल सांभाळायला कुणीतरी..."

"गाडीला चार चाकं आहेत, वेंकू. तोल तुझाच जाईल. उतर."

ते उतरले. "कुठं जातेस ते तरी सांग! शिकवणीला इतका वेळ आधी कशाला?"

अक्कानं पदर खोचला, किल्ली फिरवली. "नाही सांगत," ती म्हणाली, आणि लिंबू चिरडून, कोपऱ्यावर हॉर्न देऊन, वळून दिसेनाशी झाली.

वेंकोबाराव हेल्मेट घालून रस्त्याच्या मधोमध उभेच राहिले.

"अक्का कुठं गेल्या, सार?" नारायणस्वामींनी विचारलं.

"मला काय माहीत!" वेंकोबाराव हेल्मेटातूनच ओरडले. मग त्यांच्या ध्यानात आलं ते काय बोलले, आणि त्यांनी छाती पुढं काढली. "मला सांगून नाही गेली!"

मग इस्त्रीवाल्याला, फुलवालीला आणि रस्त्यानं जाणाऱ्या एका अगदी अनोळखी माणसाला, कुणी विचारलेलं नसताना, त्यांनी तेच सांगितलं.